केराटिनची चाचणी केसाची नव्हे, गाठीची

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘केसातले जनुक सांगणार कर्करोगाचे भवितव्य’ अशा थाटाचे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात. मथळ्याखालची बातमी बहुधा केआरटी८१ या जनुकाबद्दल, म्हणजे केस घडवणाऱ्या केराटिन नावाच्या प्रथिनाच्या एका जनुकाबद्दल, असते आणि तिचा गाभा खरा असतो. घोळ होतो तो पुढे. केसांची बट कापून प्रयोगशाळेत दिली की कर्करोग कळणार, असा वाचकाचा समज होतो. तसे काही होत नाही. या जनुकाचे प्रथिन, म्हणजे केराटिन ८१, केसात असतेच. निरोगी माणसाच्या असते आणि रुग्णाच्याही असते. प्रश्न येतो तो ते प्रथिन जिथे अपेक्षित नसते तिथे, म्हणजे स्वादुपिंडाच्या, स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या गाठीतल्या पेशींत, सापडले तर. ऊतींच्या काचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे काप) आणि आरएनएचे (जनुकाची पेशीत निघणारी प्रत) नमुने हाताळणे हेच आमचे काम असल्यामुळे या चाचणीत नेमके काय मोजतात, कुठे चुकते आणि आज तिचा उपयोग कुठवर आहे, हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी जनुकाची ओळख. माणसात केराटिनची ५४ कार्यरत जनुके आहेत. त्यांतली २८ पहिल्या प्रकारची, २६ दुसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकारातली जवळजवळ सगळी १७व्या गुणसूत्रावर आहेत, दुसऱ्या प्रकारातली १२व्या गुणसूत्रावर. पेशीत या दोन प्रकारांची एकास एक अशी जोडी जमते, प्रथिनांचे लांब दंड एकमेकांभोवती पीळ घेतात आणि अशा अनेक जोड्यांतून सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा तंतू तयार होतो. केस आणि नखे घडवणारी केराटिने वेगळी ओळखू येतात, कारण त्यांत गंधकयुक्त सिस्टीन भरपूर असते आणि गंधकाच्या बंधांमुळे तंतू टणक होतो. पहिल्या प्रकारातली अशी केस-केराटिने ११ आहेत, दुसऱ्यातली ६. या सहांना ८१ ते ८६ हे क्रमांक २००६ च्या नव्या नामकरणात मिळाले. त्याआधी केआरटी८१ ला एचएचबी१ म्हणत. जुने शोधनिबंध धुंडाळताना हे नाव ठाऊक नसेल, तर स्तनाच्या कर्करोगावरचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम हाती लागतच नाही.

जनुकीय अहवाल हाती आलेल्यांसाठी इथेच एक खुलासा. केआरटी८१, ८३ आणि ८६ यांपैकी एखाद्यात जन्मजात बदल असला, तर मोनिलेथ्रिक्स नावाचा आजार होतो. केसाला ठरावीक अंतरावर मण्यांसारखे फुगवटे येतात आणि मधल्या बारीक जागी तो तुटतो. हा आजार आईवडिलांपैकी एकाकडूनही येऊ शकतो. त्याचा कर्करोगाशी संबंध नाही. अहवालात केआरटी८१ हे नाव दिसले म्हणून कुणी धसका घेऊ नये.

गाठीत केराटिन शोधणे ही काही नवी कल्पना नाही. शरीराची आवरणे आणि ग्रंथी ज्या पेशींच्या बनतात, त्या सगळ्यांत कुठले ना कुठले केराटिन असते आणि त्यातून झालेला कर्करोग मूळ जागेचे केराटिन बहुधा टिकवून ठेवतो. मूळ जागा माहीत नसलेल्या कर्करोगात पॅथॉलॉजिस्ट केराटिन ७ आणि २० ओळखणाऱ्या रंगांची जोडी काचेवर याच कारणासाठी लावतात. मोठ्या आतड्याची गाठ बहुतेकदा २० ला रंग घेते, ७ ला घेत नाही. फुफ्फुसाच्या ग्रंथीजन्य गाठीत बहुतेकदा उलटे असते. केस-केराटिनचे मात्र तसे नाही. स्वादुपिंडाच्या पेशीकडून त्याची अपेक्षाच नसते; स्तनाच्या पेशीकडूनही सुरुवातीला नव्हती. ते दिसले, तर त्या पेशीची जनुके चालू-बंद करणारी घडी विस्कटली असावी, असा संशय येतो. अपवाद केसाच्या मुळापासूनच होणाऱ्या पायलोमॅट्रिकोमासारख्या गाठींचा. तिथे केस-केराटिन दिसणे स्वाभाविक आहे आणि ती गाठ सहसा निरुपद्रवी असते.

स्तनाच्या कर्करोगात या जनुकाचा प्रवास बोधप्रद आहे. सुरुवातीच्या कामात गाठीच्या पेशींत त्याचे आखूड रूप सापडले. प्रथिनाचा सुरुवातीचा भाग त्यात नाहीच. केस घडवणाऱ्या पेशींत दिसणारे हे रूप नव्हे, तेव्हा ते खास कर्करोगाचे असावे, अशी आशा निर्माण झाली. पुढे २०१७ मध्ये पूर्ण लांबीचे प्रथिन कर्करोगाच्या पेशींबरोबर स्तनाच्या सामान्य पेशींतही असल्याचे दाखवले गेले. त्याच कामात ते दाबून टाकल्यावर पेशींची आसपास घुसण्याची क्षमता कमी झाली. म्हणजे त्याला काही काम आहे, ते नुसता बघ्या नाही. पण ‘आहे की नाही’ एवढ्यावर निदान करता येणार नाही. तंत्रज्ञांनी यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. या जनुकाचे ९ एक्झॉन, म्हणजे आरएनएत टिकून राहणारे तुकडे, आहेत. पीसीआरचे (जनुकाच्या प्रती वाढवून मोजण्याच्या तंत्राचे) प्रायमर, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ते छोटे तुकडे, पहिल्या एक-दोन एक्झॉनवर बसवले, तर आखूड रूप मोजलेच जात नाही. शेवटच्या भागावर बसवले, तर दोन्ही रूपे एकत्र मोजली जातात. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील, तर आधी प्रायमर कुठे आहेत ते पाहावे.

फुफ्फुसाच्या कर्करोगातली गोष्ट निराळी आहे आणि बातम्यांत तीच सर्वाधिक गोंधळते. तिथे चर्चा होते ती जनुकाच्या लिपीतल्या आरएस३६६० या एका अक्षराच्या बदलाची. तो जनुकाच्या शेपटाकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात आहे. तिथे मायक्रोआरएनए नावाचे छोटे आरएनए चिकटतात आणि प्रथिन किती बनावे, यावर लगाम ठेवतात. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत या बदलाचा आजार उलटण्याच्या काळाशी संबंध आढळला. हा बदल जन्मजात असतो, शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, रक्ताच्या नमुन्यातूनही कळतो. म्हणून तो ‘गाठ आहे’ असे सांगत नाही. आधीच गाठ असलेल्याच्या पुढच्या वाटचालीबद्दल फार तर एक अंदाज देतो. जन्मजात अक्षर आणि गाठीतले प्रथिन या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, नाव एकच असले तरी.

आमच्या मते आज सर्वांत भक्कम जागा स्वादुपिंडाची आहे. या कर्करोगाचे क्लासिकल, क्वासी-मेसेन्कायमल आणि एक्सोक्राइनसदृश असे तीन उपप्रकार २०११ मध्ये जनुकांच्या अभिव्यक्तीवरून, म्हणजे कुठले जनुक किती चालू आहे यावरून, मांडले गेले. पण प्रत्येक रुग्णाच्या शेकडो जनुकांची मोजणी रोजच्या प्रयोगशाळेला झेपत नाही. २०१६ मध्ये दोनच रंगांनी हे काम भागवण्याची सोय पुढे आली. केराटिन ८१ पॉझिटिव्ह असेल (म्हणजे त्याचा रंग उमटेल) तर क्वासी-मेसेन्कायमल, एचएनएफ१ए (जनुके चालू-बंद करणारे एक प्रथिन) पॉझिटिव्ह असेल तर एक्सोक्राइनसदृश, दोन्ही निगेटिव्ह असतील तर क्लासिकल. त्या मालिकेत एचएनएफ१ए पॉझिटिव्ह रुग्ण सर्वाधिक जगले आणि केराटिन ८१ पॉझिटिव्ह सर्वांत कमी. शिवाय सीवायपी३ए५ हे विकर काही औषधे पेशीतल्या पेशीत मोडून टाकते आणि उपचार निष्प्रभ करते, हेही त्याच कामातून पुढे आले. उपप्रकारानुसार केमोथेरपीला मिळणारा प्रतिसाद बदलतो, असे निष्कर्ष नंतरही आले. तरीही केवळ या रंगावरून औषध ठरवण्याची प्रथा रूढ झालेली नाही आणि इतक्यात होऊही नये. एकाच गाठीचा एक कोपरा पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह, असे सर्रास होते. सुईच्या बायॉप्सीत हाती येतो तो एक धागा; तो नेमका कुठल्या कोपऱ्यातला, हे कुणाला ठाऊक?

आता प्रत्यक्ष चाचणी. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मॅलिन १० टक्के, न्यूट्रल बफर केलेले, ऊतीच्या किमान दहापट. मोठा नमुना असेल तर त्याला काप दिलेच पाहिजेत, नाहीतर आतला भाग कुजत राहतो आणि बाहेरून सगळे ठीक दिसते. मुरवण्याचा काळ स्तनाच्या नमुन्यांसाठी ६ ते ७२ तास ठरलेला आहे. इतर अवयवांनाही तोच पाळावा. कमी मुरले तर कडा गडद आणि मध्य फिका रंगतो. जास्त मुरले तर प्रतिपिंडाची, म्हणजे हवे ते प्रथिन शोधून त्याला चिकटणाऱ्या रेणूची, बसण्याची जागाच झाकली जाते. मेणाच्या ब्लॉकचे ३ ते ४ मायक्रॉनचे काप घ्यावेत. जागा पुन्हा उघडण्यासाठी ते सायट्रेट ६.० किंवा ईडीटीए ९.० पीएचच्या द्रावणात ९५ ते ९८ अंशांवर साधारण २० मिनिटे तापवतात. दोन्हींपैकी कुठले, हे प्रत्येक प्रतिपिंडासाठी स्वतः पडताळावे लागते; पत्रकावर विसंबून चालत नाही. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ऊतीतले स्वतःचे पेरॉक्सिडेझ (रंग उमटवणारे विकर) थंड करायचे. स्वादुपिंडाच्या नमुन्यात रक्त बरेच असते, तिथे ही पायरी घाईने उरकली की सगळी काच तपकिरी होते. त्यानंतर प्रतिपिंड, त्याला जोडला जाणारा पॉलिमर, तपकिरी रंग देणारे डीएबी आणि शेवटी केंद्रके निळी करणारे हिमॅटॉक्सिलिन.

वाचताना दोन गोष्टी पक्क्या असाव्यात. केराटिन ८१ चा रंग पेशीद्रवात हवा, एचएनएफ१ए चा केंद्रकात. केराटिन ८१ चा रंग फक्त केंद्रकात दिसत असेल, तर ती चाचणी फसली आहे. तिला पॉझिटिव्ह म्हणू नये. कंट्रोल (चाचणी नीट झाली का ते दाखवणारा तुलनेचा नमुना) म्हणून डोक्याच्या त्वचेचा काप उत्तम. त्यात केसाच्या गाभ्याचा घडत असलेला भाग रंगला पाहिजे आणि भोवतालची त्वचा, घर्मग्रंथी रंगता कामा नयेत. निव्वळ पॉझिटिव्ह कंट्रोल लावून समाधान मानणाऱ्यांना या प्रतिपिंडाने बरेचदा फसवले आहे. कारण केराटिन ८१, ८३ आणि ८६ ही भावंडे इतकी सारखी आहेत की मधल्या दंडावर बसणारे प्रतिपिंड तिघांनाही चिकटते. फरक आहे तो मुख्यतः शेवटच्या शेपटात. खरेदी करताना प्रतिपिंड प्रथिनाच्या कुठल्या तुकड्याविरुद्ध बनवले आहे, हे विचारावे. उत्तर मिळत नसेल, तर ते घेऊ नये. घेतल्यावरही ८१, ८३ आणि ८६ एकेकटे बनवणाऱ्या पेशींवर ते तपासावे.

पीसीआरमध्ये हीच अडचण वेगळ्या वेषात येते. भावंडांखेरीज शेजारीच केआरटी८७पी ते ९०पी ही निकामी जनुके आहेत. नमुन्यात डीएनए राहिला तर तीही मोजली जातात. म्हणून डीएनए मोडणारे डीएनेझ द्यायचे, आणि आरएनएवरून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्याबरोबर चालवायची. त्या नळीत सिग्नल आला तर आकडा फेकून द्यायचा, वजाबाकी करत बसायचे नाही. मेणातल्या ऊतीचा आरएनए तुटलेला असतो, तेव्हा ७० ते १२० बेसचाच (अक्षरांचाच) तुकडा वाढवावा. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत असावी आणि संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते, एकच न ठेवता निदान दोन-तीन ठेवावीत. सीटी (सिग्नल दिसायला लागणाऱ्या फेऱ्यांचा आकडा) एका अंकाने बदलला तर मूळ प्रमाण दुप्पट किंवा निम्मे होते, ३.३ अंकांनी बदलला तर दहापट. नमुना उचलण्यातली छोटी चूक अहवालात केवढी दिसते, ते यावरून लक्षात यावे. सगळ्यांत मोठी चूक तर यंत्राच्या आधीच घडते. स्तन काढलेल्या नमुन्याला त्वचा जोडलेली असते आणि त्वचेत केसाची मुळे असतात. अख्खा काप खरवडून आरएनए काढला की एका केसाच्या मुळातला केआरटी८१ साऱ्या गाठीचा आकडा गिळून टाकतो. आधी साध्या रंगाची काच पाहून गाठीभोवती खूण करायची आणि तेवढाच भाग खरवडायचा, याला पर्याय नाही.

मास स्पेक्ट्रोमेट्रीबद्दल, म्हणजे प्रथिनांचे तुकडे वजनावरून ओळखण्याच्या तंत्राबद्दल, तर हसावे की रडावे कळत नाही. या तंत्रात केराटिन हा जगभरच्या प्रयोगशाळांचा जुना वैरी आहे. कर्मचाऱ्याच्या त्वचेतून केराटिन १, २, ९ आणि १० गळतात. केसातून आणि लोकरी कपड्यांतून केस-केराटिने येतात. धुळीत सगळीच असतात. कुठलाही नमुना न घालता, प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलला चांदीचा रंग दिला, तरी ५० ते ७० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) दरम्यान फिके पट्टे उमटतात. केराटिन ८१ चे वजन सुमारे ५५ किलोडाल्टन, म्हणजे नेमके त्याच पट्ट्यात. म्हणून विश्लेषणाचे बहुतेक सॉफ्टवेअर केराटिनांना प्रदूषकांच्या यादीत टाकून निकालातून वगळते. गाठीत खरोखरच केराटिन ८१ असले तरी ते यादीच्या नियमाने कचऱ्यात जाते. आणि यादी काढून टाकली तर तंत्रज्ञाच्या केसाचा तुकडाही ‘नवा बायोमार्कर’ ठरतो. उपाय आहेत. लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या हवेच्या झोतात) काम, बाही झाकणारे नायट्राइल हातमोजे आणि ते वारंवार बदलणे, केस पूर्ण बांधलेले, लोकर नाही, आणि प्रत्येक संचात ऊती न घातलेला कोरा नमुना. गाठीत त्वचेची केराटिने आणि केराटिन ८१ एकत्रच वाढलेली दिसली, तर प्रदूषणाचा संशय आधी घ्यावा. शोध पक्का करायचा तर दुसऱ्या तंत्राने, काचेवर, गाठीच्या पेशीच्या आत दाखवावा.

यापुढचा प्रश्न आकड्यांचा आहे. २०,००० जनुके एकदम तपासली आणि ०.०५ ची मर्यादा ठेवली (योगायोगाने चुकण्याची पाच टक्के शक्यता चालवून घेतली), तर निव्वळ योगायोगाने सुमारे १,००० जनुके ‘महत्त्वाची’ निघतात. त्यातले एखादे केस-केराटिन असले की मथळा तयार. पॉझिटिव्ह कशाला म्हणायचे, ही टक्केवारी ज्या रुग्णांवर ठरवली त्यांच्यावरच तपासली, तर निकाल नेहमीच देखणा येतो. म्हणून दुसरा स्वतंत्र गट हवा. भाकित करणाऱ्या चाचण्यांबद्दल काय काय छापावे, याची रिमार्क नावाची सूत्रे २००५ पासून उपलब्ध आहेत, तरी ती सर्रास डावलली जातात. निरोगी लोकांत शोध घेण्याची भाषा तर अधिकच जपून करावी. समजा एखादी चाचणी ९० टक्के संवेदनक्षम (१०० रुग्णांतले ९० पकडणारी) आणि ९० टक्के विशिष्ट (१०० निरोगींतल्या ९० जणांना निरोगीच म्हणणारी) आहे आणि १०,००० लोकांत १०० जणांना आजार आहे. ती ९० रुग्ण पकडेल. पण ९,९०० निरोगी लोकांपैकी ९९० जणांनाही पॉझिटिव्ह ठरवेल. पॉझिटिव्ह आलेल्या १,०८० जणांत खरे रुग्ण साडेआठ टक्क्यांहूनही कमी. केआरटी८१ ला अशा चाळणीसाठी वापरण्याजोगा पुरावा आज नाही.

रक्तातून होणाऱ्या केराटिनच्या चाचण्या आहेत, पण त्या दुसऱ्या केराटिनांच्या. सायफ्रा २१-१ ही केराटिन १९ चे तुकडे मोजते आणि मुख्यतः फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या उपचारांचा मागोवा घेण्यासाठी वापरतात. मूत्रपिंड निकामी असेल तर ती गाठीविनाही वाढते. नमुन्यात लाळ मिसळली तरी वाढते. विखुरलेल्या स्तनाच्या कर्करोगात रक्तात फिरणाऱ्या पेशी मोजताना केराटिन ८, १८ आणि १९ रंगवतात. ७.५ मिलिलिटर रक्तात अशा ५ किंवा अधिक पेशी असणे हे प्रतिकूल लक्षण मानतात. केस-केराटिनचा या दोन्हींशी संबंध नाही.

केसांचा संबंध येतो तो भलत्याच वाटेने. केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व ५ ते १० मिलिग्रॅम इतके असू शकते. रक्तचाचण्यांची अनेक यंत्रे बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारे प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या पकडीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर ही पकड बसत नाही आणि दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पदार्थ धरणाऱ्या चाचणीत आकडा खोटा कमी येतो. ट्यूमर मार्करसाठी (कर्करोगाची खूण पाहण्यासाठी) रक्त देण्याआधी गोळ्यांची माहिती प्रयोगशाळेला द्यावी आणि त्या किती वेळ आधी थांबवायच्या, हे त्या यंत्राच्या पत्रकाप्रमाणे विचारून घ्यावे. सलूनमधल्या ‘केराटिन ट्रीटमेंट’चाही या जनुकाशी काही संबंध नाही, बाहेरून लावलेले प्रथिन जनुकापर्यंत पोहोचत नाही. तिथली खरी चिंता काही द्रावणांतून तापवल्यावर सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडची आहे. ते माणसात कर्करोग करणारे म्हणून वर्गीकृत आहे.

कुणा रुग्णाच्या अहवालात केराटिन ८१ चा उल्लेख असेल, तर नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावे: तपासले ते गाठीतले प्रथिन, गाठीतला आरएनए की रक्तातला जन्मजात बदल? पॉझिटिव्ह म्हणजे किती टक्के पेशी? बरोबर एचएनएफ१ए लावले होते का? आणि या निकालाने उपचारात काही बदलणार आहे, की तो केवळ अभ्यासासाठी आहे? दुसरीकडे मत घ्यायचे झाल्यास रंगवलेल्या काचांबरोबर मेणाचा ब्लॉकही मागून न्यावा. कापून ठेवलेल्या कोऱ्या काचांवर काही आठवड्यांत, महिन्यांत प्रथिनाची रंग धरण्याची ताकद उतरत जाते आणि खरे पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसू लागते. ब्लॉकमधून ताजा काप घेतला की हा प्रश्न उरत नाही.

आपले,
ऊतीनिदान आणि रेण्वीय चाचण्यांच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक